खाली न उतरणारी नजर

गोरखनाथ वायरमन आयुष्यात पहिल्यांदा पडले ते स्वतःच्या अंगणात, भर दुपारी, शेळीला पाला टाकताना. तेही मागच्या मागं. ना पाय घसरला, ना कशाला ठेच लागली. उभा वासा ढकलून द्यावा तसे आडवे झाले आणि डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. विजयमाला चुलीपुढून धावत आली, तर हे आभाळाकडं टक लावून पडलेले. उलट तिलाच विचारलं, "काय झालं गं?"

श्रीगोंद्याहून काष्टीच्या रस्त्याला, उसाच्या फडांत अर्धी बुडालेली त्यांची वस्ती. गोरखनाथांनी बत्तीस वर्षं वीज बोर्डात वायरमनकी केली. आसपासच्या आठ-दहा गावांतला एकेक खांब त्यांच्या ओळखीचा. कुणाची मोटर बंद पडली, कुठं डीपीचा फ्यूज उडाला, की हाळी यायची आणि हे पक्कड खिशात घालून सायकलवर टांग मारायचे. एकदा हात भाजला, एकदा गांधीलमाशांनी तोंड सुजवलं, पण पडले असं कधी झालं नाही. माणूस मोठा बोलका. घरापुढच्या खांबावर चढले की वरूनच ओरडायचे, "चहा टाक गं, आलोच!" रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. वय चौसष्ट.

त्या दिवाळीनंतर दोन महिन्यांत ते चार वेळा पडले. चारी वेळा मागंच. गावातल्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. कुणी म्हणालं, वात हाय, तेल चोळा. विजयमालेनं तेल चोळलं. चोळता चोळता तिच्या हाताला कळत होतं, मान आणि पाठ लाकडासारखी झालीय. चेहराही बदलला होता. भुवया वर चढलेल्या, डोळे विस्फारलेले, पापणी म्हणून लवत नव्हती. वाटेनं जाणारा विचारायचा, "वायरमन चिडल्यात का काय?" चिडलेले नव्हते. पण हसू चेहऱ्यापर्यंत पोचायचंच नाही. आवाज घोगरा झाला, शब्द एकमेकांत अडकायला लागले.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त विजयमालेच्या ध्यानात आली. जेवताना ते ताटाच्या पलीकडच्या काठाची भाजी तेवढी खायचे. अलीकडची आमटी, भात तसाच. सुरुवातीला तिला वाटलं, चव लागत नसेल. मग एके दिवशी तिनं ताट फिरवलं. तर जी आमटी मघाशी शिवली नव्हती, ती त्यांनी मुकाट खाल्ली. कुणाला सांगावं तरी काय? माझ्या नवऱ्याला ताट अर्धंच दिसतं?

श्रीगोंद्याच्या डॉक्टरनं चालवून पाहिलं. आखूड पावलं, वळताना तोल जाणं, हात न हलणं. म्हणाला, "कंपवात आहे. पार्किन्सन."

"पन ह्यांचा हात तर थरथरत न्हाई," विजयमाला म्हणाली.

"सगळ्यांचाच थरथरतो असं नाही."

दिवसातून तीनदा गोळी सुरू झाली. महिन्यानं वाढवली, पुन्हा वाढवली. मळमळ तेवढी झाली. चालीत फरक पडला नाही. पाच महिने गेले. पडणं आठवड्यावर आलं. विजयमाला शेतात खुरपायला गेली तरी एक कान घराकडं. धप्प असा आवाज झाला की खुरपं टाकून पळायची. कधी ती नुसती नारळाची झावळी पडलेली असायची, कधी ते असायचे. शेवटी तिनं शेतात जाणंच सोडलं.

त्यांची एकुलती एक मुलगी धनश्री नगरला सावेडीत राहायची, तिथल्याच शाळेत शिकवायची. ती आली, बापाला उठताना पाहिलं आणि म्हणाली, "आई, आता इथं नको. नानांना घेऊन चल." सावेडीत मेंदूच्या डॉक्टर होत्या, राजेश्वरी मॅडम. त्यांच्याकडं नंबर लावला.

मॅडमनी आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. मग गोरखनाथांना उभं केलं, मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि खांदे धरून अलगद मागं ओढले. एखादं पाऊल मागं टाकून माणूस सावरतो. गोरखनाथ सावरले नाहीत. मॅडमनी धरलं म्हणून वाचले.

"आता तीनदा टाळी वाजवा."

त्यांनी वाजवली. तीन झाल्या, चार झाल्या, सात झाल्या. हात थांबेचनात. धनश्रीला हसू आलं. मॅडमचा चेहरा बघून ते तिथंच विरलं.

"आता मान न हलवता माझ्या बोटाकडं बघा." बोट डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं, डोळे मागोमाग गेले. बोट खाली गेलं. डोळे होते तिथंच. मॅडमनी मग त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून मागं कलवलं, तेव्हा मात्र बुबुळं खाली उतरली.

"म्हणजे डोळे चांगले आहेत," मॅडम म्हणाल्या. "मेंदूचा हुकूम तिथपर्यंत पोचत नाही."

गोरखनाथ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "म्हंजी लाईन फॉल्ट हाय."

मॅडम हसल्या. विजयमालेला मात्र रडू फुटायचं बाकी होतं, कारण तिला ताट आठवलं. तिनं ताटाचं सांगितलं. मॅडमनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. एवढ्या महिन्यांत तिचं बोलणं लिहून घेणारं हे पहिलंच माणूस.

मग त्यांनी पिशवीतली एक पट्टी उचलली. "ही गॅसची गोळी किती दिवस चालू आहे?"

"चार वरसं झाली आसतील. मीच देती की रोज सकाळच्याला, चहाच्या आधी."

"कुणी सांगितली?"

"पयल्यांदा डॉक्टरनं. मग मेडिकलवाला देतोच."

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. "ताई, नीट ऐका. हे असं हळू चालणं, अंग ताठणं, चेहरा गोठणं म्हणजे एकच आजार नाही. कंपवातानं होतं, मेंदूत बारीक बारीक झटके येऊन होतं, मेंदूत पाणी साचून होतं, आणि औषधांनीही होतं. या गोळीत ॲसिडिटीच्या औषधाबरोबर आणखी एक औषध आहे. उतारवयात काहींना ते फार दिवस घेतलं की असंच होतं."

"म्हंजी माझ्या हातानं झालं?"

"तसं म्हणू नका. मला तर ते गोळीचं वाटतही नाही. डोळ्यांचं लक्षण, मागं पडणं, हे वेगळं आहे. पण गोळीचं असेल तर ते परत फिरतं. म्हणून आधी ती बंद करू. सहा महिने वाट पाहू."

यातलं मधलं वाक्य विजयमालेच्या कानात शिरलंच नाही. तिनं एवढंच ऐकलं, परत फिरतं.

श्रीगोंद्यात परतल्यावर घरी जायच्या आधी तिनं शेख महंमद महाराजांच्या समाधीपुढं डोकं टेकवलं. माणूस देवापुढं म्हणतो, माझा दोष नसू दे. तिनं उलटं मागितलं. "माझ्याच हातानं झालेलं आसू दे, बाबा. गोळीनंच झालेलं आसू दे. मी जलमभर भोगंन." कारण तिची चूक असेल तर ती सुधारता येणार होती.

तिनं कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. रोज सकाळी त्यांना अंगणात चालवायची आणि पावलं बघायची. बघता बघता तिला फरक दिसायला लागला. आज पाऊल लांब पडलं. आज चेहरा मोकळा वाटतोय. आज "विजे" अशी हाक स्पष्ट आली. धनश्री फोनवर विचारायची, "नाना कसे आहेत?" ही सांगायची, "जरा फरक हाय. मॅडम म्हनल्या ना, परत फिरतं."

चौथ्या महिन्यात गोरखनाथ खाटेवरून एकदम ताडकन उठले. आपला तोल राहत नाही हे त्यांच्या ध्यानातच राहत नसे. मनात आलं की उठायचं. मागं पाट्यावर पडले. डोक्याला चौदा टाके. धनश्री धावत आली. दोन दिवस राहिली, बापाला बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी आईला विहिरीजवळ गाठून म्हणाली, "आई, कुठं आहे फरक?"

विजयमाला बादलीची कडी हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मला दिसतो."

"मला नाही दिसत गं."

सहा महिने भरले. फरक नव्हता. उलट त्यांना आता लघवीचं भान राहत नव्हतं. मॅडमनी मेंदूचा फोटो काढायला लावला. त्यात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या थोड्या रुंद दिसत होत्या. मॅडम म्हणाल्या, "मला फार आशा नाही. पण पाणी साचल्यानंही अशी चाल होते, लघवी सुटते, आणि त्याच्यावर ऑपरेशन आहे. म्हणून एक तपासणी करून टाकू. पाठीतून थोडं पाणी काढायचं. चाल सुधारली तर ऑपरेशनचा विचार."

विजयमालेनं पुन्हा तेवढंच धरलं. ऑपरेशन आहे.

दवाखान्याच्या लांब बोळात गोरखनाथांना आधी चालवलं. सिस्टर घड्याळ घेऊन उभी. मग पाठीतून पाणी काढलं, काही तासांनी पुन्हा त्याच बोळात उभं केलं. विजयमाला टोकाला उभी होती. ते निघाले. पाऊल जमिनीला चिकटलेलं, डोळे समोर, मान ताठ. तिला राहवेना. "पाय उचला की हो! उचला ना!"

"ताई, सांगू नका त्यांना," मॅडम हळूच म्हणाल्या. "सांगितल्याशिवाय किती जमतं ते बघायचंय."

ती पदर तोंडात धरून उभी राहिली. गोरखनाथांनी मात्र तिचं ऐकलं होतं. त्यांनी पाय उचलायचा जोर केला आणि मागं कलंडले. सिस्टरनं धरलं. दुसऱ्या दिवशीही चालवलं. घड्याळात काही बदल नव्हता.

त्या संध्याकाळी मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं. लांबलचक इंग्रजी नाव, धनश्रीनं कागदावर लिहून घेतलं. कंपवाताचा भाऊबंद म्हणावा असा, पण त्याच्याहून वाईट. मेंदूच्या मधल्या दांड्याचा भाग वाळत जातो. नजर उतरत नाही, तोल राहत नाही, पुढं बोलणं जातं, गिळणं जातं. कंपवाताच्या गोळीला दाद देत नाही.

विजयमाला म्हणाली, "तुमी म्हनला हुता ना, लई कारनं आसत्यात. त्यातलं बरं हुनारं येकांदं बगा ना अजून."

"ते सगळं बघून झालं, ताई."

"परत बगा."

मग गोरखनाथांनी तोंड उघडलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "किती वरसं?"

"प्रत्येकाचं वेगळं असतं, नाना."

"गोळीनं... न्हाई ना झालं?"

"नाही."

त्यांनी विजयमालेकडं मान वळवली. तिची सुटका करावी म्हणून त्यांनी ते विचारलं होतं, हे तिला कळलं. पण सुटका कसली? सहा महिने उराशी धरलेला दोष कुणीतरी काढून नेला होता, आणि हात रिकामे झाले होते.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवरल्या रंगुमावशींची चाल मंदावली. सत्तरीची बाई, कालपरवापर्यंत डोक्यावर गवताचा भारा आणणारी. आता वाकून, पाय घासत चालायची, उजवा हात थरथरायचा, तोंडातून लाळ गळायची. त्यांच्या घरचे म्हणाले, "गोरखचंच हिला झालं. वाऱ्यावर आलं का काय!" आणि त्यांनी हात टेकले.

विजयमाला भाकरी घेऊन बघायला गेली. ताट पुढं ठेवलं. म्हातारीनं नजर खाली उतरवून ताट पाहिलं, आमटीत पडलेला केस नेमका वेचून काढला. हिची नजर तर उतरते, विजयमालेच्या ध्यानात आलं. "मावशी, तू मागं पडतीस का गं?"

"न्हाई बाई. पडली तर तोंडावर पडंन."

"गोळ्या कंच्या घेतीस? दाव मला."

उशीखाली पट्टी निघाली. चक्करची गोळी. दोन वर्षांपूर्वी एकदा घर फिरल्यासारखं झालं होतं, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ चालूच.

दुसऱ्याच दिवशी विजयमालेनं धनश्रीला फोन लावला. रंगुमावशींच्या लेकाच्या मागं लागून म्हातारीला नगरला धाडलं. मॅडमनी तपासलं, चक्करची गोळी बंद केली. पहिल्या महिन्यात काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात लाळ थांबली. चौथ्या महिन्यात म्हातारी स्वतः चालत, हातात दुधाचा तांब्या घेऊन, विजयमालेच्या दारात उभी राहिली.

"विजे, तुझ्यामुळं उटली गं मी."

विजयमालेनं तिच्या पायांकडं बघितलं. ते पाय सरळ पडत होते. ती म्हणाली, "जा मावशी. आत्ता जा तू." आणि दार लावलं. आत गोरखनाथ खुर्चीत बांधून बसवलेले होते, उठून पडू नयेत म्हणून जुन्या लुगड्यानं. ती त्यांच्या पायांशी बसली आणि ओरडून रडली. गोळी दोघांनाही होती. एकाच डॉक्टरीणबाईनं दोघांची काढली. मग मावशी उठली आणि आपल्या माणसानं का उठू नये? या प्रश्नाला उत्तर होतं, ते तिला समजलेलंही होतं. त्यानं काही उपयोग होत नव्हता.

दोन दिवसांनी म्हातारी पुन्हा आली. दुधाचा तांब्या खाली ठेवला, काही न विचारता खुर्चीजवळ बसली आणि म्हणाली, "तू आंगोळ करून घे. मी धरती ह्याला." त्यानंतर ती रोज यायची. विजयमालेला ती रोज हवी असायची आणि रोज तिचं चालणं बघवायचं नाही.

गोरखनाथांचं बोलणं त्या वर्षी गेलं. नुसता घशातला आवाज उरला. दोघांनी ठरवलं, अंगठा वर म्हणजे हो, मूठ बंद म्हणजे नाही. पाणी पाहिजे? अंगठा. ऊन लागतं? मूठ. ती मग सगळं तसंच विचारायला शिकली. ती डोळ्यांच्या रेषेत उभी राहून बोलायची, कारण खाली बसली तर त्यांना दिसायची नाही. घास ठसक्यानं बाहेर यायला लागला, तेव्हा नाकातून नळी घातली. दोनदा छाती भरली, दोनदा नगरला नेलं. दुसऱ्या वेळी अकरा दिवस आत होते, हातपाय बांधलेले, कारण नळ्या ओढायचे. काचेतून तिला दिसायचं, त्यांचे डोळे छताला लागलेले.

घरी आल्यावर मॅडमचा फोन आला. "ताई, छाती परत भरेल. तेव्हा आणायचं की घरीच ठेवायचं, हे आधीच ठरवा. आणि शक्य असेल तर नानांना विचारा."

पौषात पुन्हा भरली. सकाळचे आठ वाजलेले. श्वास घरघरत होता, अंग तापलेलं. धनश्री आदल्या दिवशीच आली होती. "आई, ॲम्ब्युलन्स बोलावते."

"थांब. त्यांना इचारती."

ती खाटेच्या डोक्याशी उभी राहिली, त्यांच्या नजरेत. "अहो. ऐकताय का? दवाखान्यात जायचं का? परत तिकडं?"

मूठ बंद होती.

"जायचं का? सांगा मला."

मूठ बंद.

तिसऱ्यांदा विचारलं. मूठ तशीच. विजयमाला वळून म्हणाली, "न्हाई म्हनत्यात."

धनश्री रडत राहिली, पण तिनं फोन केला नाही. रंगुमावशी पायांशी बसून तळवे चोळत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गोरखनाथ गेले. छाती थांबली तरी डोळे उघडेच होते. विजयमालेला ते हातानं मिटावे लागले.

दहावा झाला, तेरावा झाला. लोक पांगले. आणि मग एके सकाळी, अंथरुणाची घडी घालताना, तिला आठवलं. त्या दिवशी पहाटेच तिनं विचारलं होतं, कूस बदलू का? तेव्हाही मूठ बंद होती. आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, धनश्री आलीय, बोलायचं का तिच्याशी? तेव्हाही बंदच. त्या आठवड्यात ती मूठ एकदा तरी उघडली होती का? धुताना बोटं सोडवायला तिला जोर लावावा लागायचा. मग ती मूठ नाही म्हणत होती, की नुसती आवळली होती?

महिनाभर तिनं हे कुणाला सांगितलं नाही. जेवण जाईना. धनश्रीनं तिला सावेडीला नेलं. तिथं एका सकाळी, मुलगी शाळेत गेल्यावर, ती चालत मॅडमच्या दवाखान्यात गेली. नंबर लावला आणि पेशंटांच्या रांगेत बसून राहिली. नाव पुकारल्यावर आत गेली. मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

तिनं सगळं सांगितलं. स्वतःची मूठ आवळून दाखवली. "तुमी लोकांची चाल बगून सांगता कुनाला काय झालंय. मग येवढं सांगा. ते न्हाई म्हनत हुते, का त्यांचा हातच तसा झाल्ता?"

मॅडमनी तिची मूठ आपल्या हातात घेतली.

"मला नाही सांगता येणार, ताई."

"खोटं सांगा हवं तर."

"खोटंही नाही सांगता येणार."

विजयमालेनं मान हलवली. हात सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. रिक्षावाले थांबून विचारत होते, कुठं जायचं, आजी? शाळा सुटल्यावर धनश्री स्कूटरवरून शोधत आली, तेव्हाही ती तिथंच उभी होती.